पहाटेचा हायवे, गाड्यांचा धूर आणि हृदय

कातळसडा (धागाकर्ता)

मुंबई-गोवा हायवे जिथे जिथे पुरा झालाय, तिथे पहाटे पाच-साडेपाचला चालणाऱ्यांची रांग दिसते. रुंद काँक्रीट, दिवे, पायाखाली साप-किरडूची भीती नाही. यातले बरेचसे डॉक्टरांनी 'रोज चाला' म्हणून पिटाळलेले: बीपीवाले, शुगरवाले, एखादा स्टेंट बसवलेला. सगळ्यांचा समज एकच, पहाटेची हवा शुद्ध. त्यात आपण कोकणातले. प्रदूषण म्हटलं की दिल्ली आठवणारे.

हायवेच्या कडेला हे गणित उलटं आहे आणि डिसेंबर-जानेवारीत तर पुरतंच उलटं. रात्री जमीन गार पडते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांच्या खोऱ्यांत तेव्हा वारा पडलेला असतो. धुकं जसं खोऱ्यात भरून राहतं, तसाच धूरही वर न जाता आडवा पसरत राहतो. ऊन चढून जमीन तापली की झाकण मोडतं.

लॉस एंजेलिसजवळ २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत हे नीट दिसलं. दिवसा फ्रीवेचा धूर साधारण ३०० मीटरमध्ये विरून जातो, हे आधीपासून माहीत होतं. सूर्योदयाच्या एक-दोन तास आधी मोजलं, तर अतिसूक्ष्म कण वाऱ्याच्या बाजूला सुमारे २६०० मीटरपर्यंत नेहमीपेक्षा जास्त सापडले. रस्त्यावर गाड्या दिवसापेक्षा कमी असूनही.

दुसरी बाजू श्वासाची. बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. झपझप चालणारा २५-३० लिटर, आणि दम लागला की तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी टाळून. हवेत किती धूर, मिनिटाला किती श्वास आणि किती वेळ, या तिघांचा गुणाकार म्हणजे शरीरात गेलेली मात्रा. हायवेवरच्या पहाटेच्या फेरीत पहिल्या दोन्ही गोष्टी वाढलेल्या असतात.

जाणकारांनी भर घालावी. मुद्दा चालणं सोडण्याचा नाही, कुठे आणि कधी चालायचं याचा आहे.

---

रातांबा

लॉस एंजेलिसचा फ्रीवे आणि आपला लांजा-राजापूर पट्टा यांची तुलना कशी काय? तिकडे दिवसाला लाखावर गाड्या. इथे पहाटे चार लक्झरी, दोन दुधाच्या गाड्या आणि माशांचा टेम्पो. २६०० मीटरचा आकडा वाचून हायवेपासून दोन किलोमीटर आतला माणूस उगाच खिडक्या लावून बसेल.

---

कातळसडा

आकडा उचलून इथे चिकटवायचा नाही, बरोबर. गाड्या कमी तर धुराचा पट्टाही आखूड. उचलायचं ते इतकंच की वारा पडलेला असताना तोच धूर दिवसापेक्षा कितीतरी लांब पोचतो. पण एक दुरुस्ती. तिकडच्या गाड्या बहुतेक पेट्रोलच्या. इथे रात्रीची वाहतूक म्हणजे डिझेलचे ट्रक, ट्रेलर, बसेस. गाड्या मोजून धूर कळत नाही, कोणत्या गाड्या आणि चढावर की सपाटीला हे बघावं लागतं. अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० साली मोठ्या रस्त्याच्या प्रभावाचा पट्टा ३०० ते ५०० मीटर धरला होता. आपल्याकडे तेवढा धरून चालायला हरकत नसावी.

---

नाडी_बघतो

हृदयाचं काय होतं ते सांगतो, कारण 'धूर म्हणजे फुप्फुस' एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात २०१९ साली बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाने झालेल्या अकाली मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघाताचे होते. फुप्फुसाचा कॅन्सर ४ टक्क्यांच्या आसपास.

पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉनहून बारीक कण. केसाची जाडी ५०-७० मायक्रॉन, त्यावरून अंदाज घ्या. इंजिनातून येणारे बरेच कण तर ०.१ मायक्रॉनहूनही बारीक असतात. ते फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. तिथून तीन वाटा फुटतात.

सगळ्यात जलद वाट मज्जातंतूंची. कण श्वासमार्गातल्या तंतूंना डिवचतात, शरीर ताणाच्या अवस्थेत जातं, धमन्या आवळतात, रक्तदाब चढतो, ठोक्यांमधला नैसर्गिक चढउतार कमी होतो. हे मिनिटा-तासांत घडतं. ज्याच्या हृदयाची लय आधीच नाजूक, त्याला इथे धोका.

दुसरी वाट दाहाची. फुप्फुसातल्या पेशी दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडतात. यकृत रक्त गोठवणारे घटक वाढवतं, प्लेटलेट चिकट होतात, धमनीचं आतलं अस्तर सैल पडायचं विसरतं. याला तास ते दिवस लागतात. वर्षानुवर्षं चाललं, तर धमनीतला चरबीचा थर वाढतो.

तिसरी, अगदी बारीक कणांचा काही अंश थेट रक्तात उतरतो.

एडिंबरोच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग छापला. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेले, आता स्थिर असलेले २० पुरुष. त्यांना तासभर पातळ केलेल्या डिझेल धुरात ठेवून मधे मधे सायकल मारायला लावली, दुसऱ्या वेळी स्वच्छ हवेत. धुरात असताना श्रमाच्या वेळी ईसीजीतली एसटी रेघ जास्त खाली गेली, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं. आणि गुठळी विरघळवणारा शरीराचा स्वतःचा पदार्थही कमी सुटला. त्यांना छातीत काहीही दुखलं नाही. म्हणजे 'मला तर काही होत नाही' या वाक्याला अर्थ नाही.

जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये २००४ साली हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ६९१ जणांना आधीच्या तासांत काय करत होता हे विचारलं. वाहतुकीत घालवलेल्या वेळेनंतर तासाभरात अटॅक सुरू होण्याचा संभव सुमारे तिप्पट निघाला. यात धुराबरोबर आवाज आणि वैतागही आलाच, सगळं बिल धुरावर फाडता येत नाही.

आता घाबरू नये म्हणून दुसरा आकडा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये मांडलेला हिशेब असा की दिवसाचं पीएम २.५ घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढलं, तर त्या दिवसांतले हृदयविकाराचे मृत्यू ०.४ ते १ टक्क्याने वाढतात. धडधाकट माणसाला हे नगण्य. ज्याच्या धमनीत आधीच अडथळा आहे, त्याला नाही. आणि हार्ट अटॅक तसेही सकाळच्या वेळात जास्त येतात, कारण उठल्यावर रक्तदाब आपसूक चढतो. त्यात थंडी, चढाची चाल आणि ट्रकचा धूर, सगळं एकाच तासात कशाला जमवायचं?

---

तिरफळ

मोबाईलवर जवळच्या शहराचा एक्यूआय (हवेच्या दर्जाचा निर्देशांक) ७५, हिरवा, 'समाधानकारक' दिसतो. मग इतकं काय?

---

नाडी_बघतो

तिरफळताई, दोन घोळ आहेत. आपला एक्यूआय पीएमच्या बाबतीत २४ तासांच्या सरासरीवर निघतो. पहाटेचे दोन वाईट तास आणि दुपारचे सहा चांगले तास मिसळले की रंग हिरवाच. शिवाय यंत्र आहे शहरातल्या एखाद्या इमारतीवर, तुम्ही आहात नाक्यावर.

दुसरं, 'समाधानकारक' कोणाच्या मापाने? पीएम २.५ वरून आलेला ७५ म्हणजे घनमीटरला ४५ मायक्रोग्रॅम. आपलं २००९ चं राष्ट्रीय मानक दिवसाला ६० आणि वर्षाला ४०. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं दिवसाला १५ आणि वर्षाला ५. म्हणजे आपल्या हिरव्यात त्यांच्या तिप्पट बसतं.

---

खारावारा

स्वस्तातले मोजणी यंत्र घेऊन लोक आकडे टाकतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. दोन-पाच हजारांच्या यंत्रात लेसरचा किरण असतो. कणावरून विखुरलेला उजेड मोजून ते अंदाज करतं. हवेत ओल जास्त असली की कण, विशेषतः समुद्राच्या मिठाचे, पाणी शोषून फुगतात. यंत्राला ते मोठे कण वाटतात. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की आकडा वाढवूनच दिसतो, आणि धुक्यात तर नुसते थेंबच मोजले जातात. कोकणात पहाटे आर्द्रता ९० च्या पुढे. तेव्हा जानेवारीतल्या पहाटेचा १८० बघून कोणी 'दिल्ली झाली' म्हणून बोंब मारू नये.

उपाय सोपा आहे. एकाच जातीची दोन यंत्रं घ्या, किंवा शेजाऱ्याचं आणा. एक दिवस दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, त्यांच्यातला फरक टिपून घ्या. मग एक हायवेच्या कडेला आणि एक दोन-तीनशे मीटर आत वाडीत, एकाच वेळी. ओल दोन्हीकडे जवळपास सारखीच, म्हणून आकडा खोटा असला तरी दोघांतला फरक बराचसा खरा. तो फरक म्हणजे रस्त्याची देणगी.

ठेवायची जागा: वळचणीखाली, माणसाच्या नाकाच्या उंचीला, चुलीपासून आणि पाणी तापवायच्या बंबापासून लांब. आतल्या पंख्यात कोळी जाळं करतो आणि आकडा गोठल्यासारखा एकाच जागी राहतो. महिन्यातून एकदा ब्रश मारा. फेब्रुवारी ते मे भाजावळीचे (शेतात पालापाचोळ्याचा राब जाळायचे) दिवस वहीत वेगळे लिहा, नाहीतर राबाचा धूर ट्रकच्या नावावर जाईल.

---

डिझेल_मिस्त्री

धूर कुठून आणि का, यावर बोलतो. परशुराम घाटात, कशेडीच्या जुन्या रस्त्यावर किंवा आंबा घाटात भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गियरला चढतो. इंजिनावर पूर्ण भार, डिझेल जास्त, वेग पंधरा-वीस. एका किलोमीटरमागे सपाटीच्या कितीतरी पट धूर तिथेच पडतो. उतरताना धूर कमी, पण ब्रेकची पूड. ती इलेक्ट्रिक गाडीचीही पडते, टायरची झीज तर पडतेच.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. आपल्याकडे पहिलं कारण एअर फिल्टर. जांभ्याची लाल धूळ बारीक असते, चिऱ्यांच्या खाणीवर जाणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाच्या निम्म्यात गच्च होतो. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने. बाहेरून आत मारली की धूळ कागदात घट्ट बसते, किंवा कागद फाटून थेट इंजिनात. दुसरं कारण झिजलेला इंजेक्टर, तिसरं टर्बोच्या नळीला चीर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातून पांढरा येत राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं कडक मानक आलं, डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर उतरलं, म्हणून कण अडवणारा डीपीएफ टिकू लागला. तो भरला की आतली काजळी जाळावी लागते, त्याला सुमारे ६०० अंश तापमान आणि पंधरा-वीस मिनिटं सलग पळती गाडी हवी. बाजार ते घर अशा तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही, डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो, मालक कंटाळतो आणि कोणीतरी आत भोक पाडून देतो. ती गाडी पुढे जन्मभर फिल्टर नसलेली. वर हे बेकायदा. दिवा लागला की हायवेवर अर्धा तास एकसारख्या वेगाने पळवा, मधे इंजिन बंद करू नका. एवढंच काम असतं.

धुरातलं नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला वेगळ्या टाकीत घालतात त्या डीईएफ द्रावणाचंही तसंच. साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. विहिरीचं पाणी घातलं की क्षार जाळीत बसतात आणि फवारा बंद.

आणि पीयूसीवर विसंबू नका. डिझेलला धुराचा काळेपणा बघतात, पेट्रोलला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. बारीक कणांची मोजणी त्यात नाही.

---

रातांबा

तरी बरं, कोलाडहून ट्रक रेल्वेवर चढवून न्यायची रो-रो सेवा कोकण रेल्वेने १९९९ पासून चालवलीय, आणि २०२२ पासून मार्गही पूर्ण विजेवर. रो-रोवर चढलेला प्रत्येक ट्रक म्हणजे घाटातला एक पहिला गियर कमी. याची चर्चा कोणी करत नाही.

---

कुळीथपिठी

घराबद्दल. हायवे रुंद झाल्यावर पुष्कळ घरांची पडवी रस्त्याच्या दहा-पंधरा मीटरवर आली. अशा घरात हृदयाचा रुग्ण असेल, तर पहिलं काम फुकटातलं: त्याचं अंथरूण रस्त्याकडच्या खोलीतून मागीलदारच्या खोलीत हलवा. धूर कमी, आणि रात्रीचे हॉर्नही कमी. रात्रीचा आवाज झोपेतही रक्तदाब चढवतो. युरोपसाठी २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने रस्त्याच्या आवाजाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल सुचवली. हायवेकडच्या खिडकीत ती मिळणं कठीण.

खिडक्या: हिवाळ्यात रस्त्याकडच्या रात्री आठपासून सकाळी नऊपर्यंत बंद, दुपारी समुद्रवारा सुरू झाला की सताड उघड्या. घरात चूल असेल तर मात्र बंद खिडक्यांचा उलटा परिणाम, चुलीचा धूर ट्रकपेक्षा भारी पडतो. त्या वेळी मागची उघडीच हवी.

हवा शुद्ध करायचं यंत्र घ्यायचं असेल तर आधी वर बघा. मंगलोरी कौलं असतील, माळा नसेल, तर यंत्र म्हणजे समुद्र आटवायला निघाल्यासारखं. कौलांच्या फटींतून हवा सतत बदलत राहते. स्लॅबच्या खोलीतच उपयोग. हिशेब असा: १२ बाय १० फुटांची, ९ फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३० घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची, तर शुद्ध हवेचा दर तासाला १५० घनमीटर हवा. हा आकडा खोक्यावर सीएडीआर म्हणून छापलेला असतो. मात्र तो यंत्र पूर्ण वेगावर असतानाचा. रात्री आवाज नको म्हणून सगळ्यात हळू लावलं की निम्म्याहूनही कमी. म्हणून दुप्पट क्षमतेचं घेऊन मधल्या वेगावर चालवा. शांघायमध्ये ३५ विद्यार्थ्यांच्या खोल्यांत ४८ तास असं यंत्र चालवलं, पीएम २.५ निम्म्याहून कमी झालं आणि रक्तदाबही थोडा उतरला. २०१५ चा अभ्यास.

---

तिरफळ

मास्क? नाक्यावरचे पोलीस, पंपावरची मुलं, टपरीवाले. ते कुठे हलणार?

---

नाडी_बघतो

एन-९५ किंवा भारतीय मानक ९४७३ चा एफएफपी-२. कापडी आणि सर्जिकल बाजूने हवा ओढतात, बारीक कणांना जवळपास मोकळी वाट. बीजिंगमध्ये धमनीविकाराच्या ९८ रुग्णांना दोन तास शहरात चालवलं, एकदा चांगल्या मास्कसह, एकदा विना. मास्क असताना ईसीजीतले बदल आणि रक्तदाब दोन्ही कमी राहिले. २०१२ साली छापलंय.

चुकतं कुठे: दाढीमुळे कड बसत नाही. नाकावरची पट्टी दाबलेली नसते. आणि लोक धुतात. यातला कापसासारखा थर विद्युतभारामुळे कण धरतो, साबणाने तो भार जातो आणि मास्क नुसता दिसायला राहतो. आपल्याकडे घामाने ओला होतो, मग श्वास जड जातो. ओला झाला की बदला, दोन मास्क आलटून पालटून वाळवून वापरा. हृदय निकामी होत आलेल्या किंवा बसल्या जागी धाप लागणाऱ्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांना मास्क अडवत नाही.

गणपतीला माणगाव-लोणेरेच्या रांगेत अडकणाऱ्यांसाठी: एसी आतल्या हवेवर ठेवा, घाटात आणि कशेडीच्या बोगद्यात तर नक्कीच. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या, नाहीतर आतल्या माणसांच्या श्वासाने डोकं जड होतं आणि चालकाला झोप येते. पुढच्या ट्रकच्या नळकांड्याला चिकटू नका, एका गाडीचं अंतर सोडा. केबिन फिल्टर वर्षातून एकदा तरी बदला, पावसाळ्यानंतर, कारण त्यात बुरशी धरते.

आणि गाडीत कोणाला छातीवर दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर 'गॅस झालाय' म्हणत मुंबई गाठायला बघू नका. १०८ ला फोन, आणि जवळात जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे.

---

करवंदीण

बरां सांगितलास. पण आमच्याकडे म्हणतात बांगडो-तारली खाल्ली की हृदयाला काही होत नाही. धुरावर चालतो का?

---

नाडी_बघतो

माशाच्या तेलाने धुराचा परिणाम थोडा बोथट होतो का, यावर छोटे प्रयोग झालेत, पण त्यावर भरवसा ठेवण्याइतके नाहीत. बांगडा खा, तळलेला कमी, हुमण (रस्सा) जास्त. खारं सुकट मात्र बीपीवाल्यांनी जपून. बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चुकवू नका.

---

रातांबा

शेवटचं विचारतो. हायवेलगतच्या माणसाने चालायचं कुठे नि कधी? नेमकं सांगा.

---

खारावारा

वारा बघून बाजू निवडा. हिवाळ्यात पहाटे जो काही मंद वारा असतो, तो सह्याद्रीकडून समुद्राकडे. म्हणजे हायवेचा धूर पश्चिमेला सरकतो. पहाटे चालायचंच असेल तर हायवेच्या पूर्वेकडच्या वाडीरस्त्याला, निदान दोन-तीनशे मीटर आत. खात्री करायची तर उदबत्ती पेटवून धूर कुठे वळतो बघा. दुपारनंतर वारा फिरतो, तेव्हा पश्चिमेची बाजू चांगली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी साडेनऊनंतर किंवा दुपारी साडेचार ते सहा. सूर्य कलला की समुद्रवारा पडतो, मग पुन्हा तेच झाकण. खोऱ्यापेक्षा सडा (वरचं कातळाचं पठार) बरा, तिथे वारा लवकर लागतो.

एप्रिल-मेमध्ये दुपारची उष्णता आणि घामच हृदयाला जड. तेव्हा सकाळी साडेसहा-सात, ऊन लवकर चढतं म्हणून झाकणही लवकर मोडतं. जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो, वेळेचं बंधन नाही. फक्त वाडीच्या पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) शेवाळ असतं, चपलेचा तळ बघून निघा.